पाठीमागची ओळ

छंदाचे आणि लग्नाचे एकच आहे. ही जोडी जमली कशी, हे बाहेरच्या माणसाला कधीच उमगत नाही. मराठीच्या प्राध्यापकाने जुन्या पोथ्या जमवाव्या, बखरी जमवाव्या, फार तर दिवाळी अंक जमवावे. लोक मान डोलावतात. पण मी जमवतो ती पलटणींतल्या खेळांची जुनी पदके आणि चषक. फुटबॉल, हॉकी, नेमबाजी, मुष्टियुद्ध, रस्सीखेच! ज्याने शाळेत लंगडीतदेखील पहिला बाद होण्याचा मान कधी सोडला नाही, त्याने गोऱ्या आणि काळ्या शिपायांची बक्षिसे कपाटात मांडून ठेवावी, याचे आमच्या शिक्षकदालनात अजून नवल चालते. एका सहकाऱ्याने तर सरळ विचारले, “अहो, स्वतःला मिळाली नाहीत म्हणून दुसऱ्यांची विकत घेता का?”

वर्षभर या पानावर आपली गाठ पडते ती जरा घाईघाईने. दिवाळीच्या अंकात संपादक ऐसपैस जागा देतात, फराळाचे ताट शेजारी असते आणि वाचकही जरा रेलून बसलेला असतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आज सावकाश देतो.

प्रथम ही बक्षिसे आली कोठून ते पाहू. इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडे जागोजागी छावण्या होत्या. खडकी, पुणे, देवळाली, अहमदनगर ही आपल्या ओळखीची नावे. या छावण्यांत हजारो तरुण शिपाई वर्षानुवर्षे पडून असत. लढाई रोज नसते. कवायत सकाळीच आटोपते. मग उरते ते ऊन, कंटाळा, ताप आणि दारू. शत्रूने जेवढे शिपाई मारले नाहीत तेवढे या चौघांनी मारले असतील. वरिष्ठांनी त्यावर तोड काढली ती खेळांची. तुकडीतुकडीत सामने, पलटणीपलटणीत सामने, आणि जिंकणाऱ्याला चषक किंवा खिशातल्या घड्याळाच्या साखळीला अडकवता येईल असे लहानसे पदक.

फुटबॉलच्या ड्युरँड चषकाचे नाव तुम्ही ऐकले असेल. सर मॉर्टिमर ड्युरँड हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव. हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यामधली जी ‘ड्युरँड रेषा’ आपण भूगोलात घोकली, ती १८९३ साली याच गृहस्थांनी ठरवून घेतली. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८८ साली, सिमल्याच्या डोंगरांत त्यांनी फुटबॉलची स्पर्धा सुरू केली. ती होती केवळ लष्करी संघांसाठी. पहिल्या वर्षी रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स पलटण जिंकली आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री हरली. हरणाऱ्यांनी ते मनाला फार लावून घेतले असावे; कारण पुढे १८९३, १८९४ आणि १८९५ अशी ओळीने तीन वर्षे त्यांनीच चषक जिंकला. ओळीने तीनदा जिंकणाऱ्याने चषक कायमचा घेऊन जावा असा त्या वेळी संकेत असे. बिचाऱ्या ड्युरँडसाहेबांना दुसरा चषक करून द्यावा लागला. तो ब्लॅक वॉच पलटणीने १८९७ ते १८९९ अशी तीन वर्षे जिंकून पळवला. साहेबांनी तिसरा दिला! रेषा एकदा आखली की राहते. चषकाचे तसे नाही, हे त्यांना तेव्हा कळले असेल.

आपल्या मुंबईतही १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने होऊ लागले. पहिल्या वर्षीचे विजेते वुस्टरशायर पलटणीचे शिपाई. पुढे कितीतरी वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींच्याच मेजावर फिरत राहिला. १९३७ साली बेंगलोर मुस्लिम्स या संघाने तो उचलला तेव्हा कोठे हिंदी संघाचे नाव त्यावर कोरले गेले. तिकडे ड्युरँड चषक १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर पलटणीला २-१ असे हरवून जिंकला. सात वर्षांनी राज्य गेले. चषक आधी गेला होता!

हे मोठे चषक अर्थातच माझ्या कपाटात नाहीत. माझ्या वाट्याला येते ते त्यांचे गरीब गणगोत. छावणीतल्या कोपऱ्यावरच्या सामन्यांची पदके, एखाद्या कंपनीचा टीचभर पेला, लाकडी बैठक हरवलेला चषक. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, बिजागऱ्या, पितळी नळ आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगात ती सापडतात. विकणारा ती ‘मेडल’ म्हणून विकत नाही. धातू म्हणून विकतो. आणि येथेच खरा खेळ सुरू होतो.

पहिला प्रश्न, चांदी की मुलामा? इंग्लंडात घडवलेल्या अस्सल चांदीच्या वस्तूवर ठसे असतात. चालत्या सिंहाचा ठसा दिसला की समजावे, हजारात ९२५ भाग चांदी आहे. नांगर दिसला तर वस्तू बर्मिंगहॅमला पारखली गेली आणि चित्त्याचे तोंड दिसले तर लंडनला. बर्मिंगहॅमला समुद्र नाही आणि नांगर मात्र तिच्या नशिबी आला, याची मला दर वेळी मौज वाटते. सोबत एक अक्षर असते. ते दरवर्षी बदलत असल्यामुळे त्यावरून नेमके साल काढता येते. बाराखडीचा असा उपयोग मी जन्मभर शिकवूनही कधी कल्पिला नव्हता. पण ठशांऐवजी ‘ईपीएनएस’ अशी चार इंग्रजी अक्षरे असली तर मात्र खुशाल निःश्वास सोडावा. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणावर चांदीचा पातळ थर, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बायका ज्याला ‘जर्मन’ म्हणतात तीच ही जात. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये सिल्व्हर औषधालाही नसते.

दुसरा प्रश्न पलटणीचा. यात आपल्या मराठा पलटणींचा इतिहास फार उपयोगी पडतो. मुंबई इलाख्याची पाचवी पलटण १९०३ साली लष्कराची फेरमांडणी झाली तेव्हा १०५ वी झाली. तिचे ‘काळी पाचवी’ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले. १९२२ साली निरनिराळ्या मराठा पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ अशी एकच रेजिमेंट झाली आणि १९४५ च्या सुमारास त्यातला पाचाचा आकडाही गळाला. तात्पर्य, एखाद्या पदकावर १०५ हा आकडा आणि १९३० हे साल शेजारी शेजारी कोरलेले असले तर ते पदक हातात घेऊ नये. विकणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढे चालू लागावे. बनावट करणाऱ्याला हत्यार चालवता येते, इतिहास येत नाही. शिवाय नव्याने कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला बोचतात. शंभर वर्षे खिशात वागवलेल्या अक्षरांच्या कडा म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासारख्या मऊ झालेल्या असतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाठीमागे काय लिहिले आहे? लढाईच्या पदकाच्या कडेवर इंग्रज सरकार शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बहुधा कोरून देत असे. खेळाच्या पदकाचे तसे नव्हते. पुढच्या बाजूला चित्र, मागची बाजू कोरी. तीवर काय लिहायचे, हा ज्याच्या त्याच्या पलटणीचा, खिशाचा आणि हौसेचा प्रश्न. म्हणून कित्येक पदके कायमची मुकी राहिली. काहींवर खेळाचे नाव आणि साल. आणि थोड्यांवर माणसाचे नाव. या शेवटच्या ओळीसाठीच मी हा उद्योग करतो. ती ओळ किती मोलाची असते हे मला पुस्तकांनी शिकवले नाही. पुण्याच्या सोन्या मारुती चौकाजवळच्या एका सराफाच्या दुकानात ते मी पाहिले.

हे सराफ माझ्या ओळखीचे. मोडीत काही जुने आले तर वितळवण्याआधी मला दाखवतात. एकदा मी तेथे बसलो असताना साठी उलटलेली एक बाई आली. नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी, बोलण्यावरून साताऱ्याकडची. पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चषक काढला. काळवंडलेला, एक कान मोडलेला, वीतभर उंचीचा. नातीच्या कॉलेजची फी भरायची होती.

सराफांनी चषक उलटा केला, भिंग लावले आणि हळूच खाली ठेवला.

“मावशी, ही चांदी नव्हे. जर्मनवर मुलामा आहे. याचं काही येणार नाही हो.”

“असं कसं? आमच्या आत्याबाई सांगायच्या, सरकारनं चांदीचा कप दिलाय म्हणून. ट्रंकेत जपून ठेवला होता त्यांनी.”

सराफ काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाची निराशा झेलण्याची त्यांची एक पद्धत आहे. ते गल्ल्यातली किल्ली उगीच इकडची तिकडे करतात. मी चषक हातात घेतला. काळ्या थराखाली अक्षरे होती. रुमालाच्या टोकाने धूळ झाडली तशी ती दिसू लागली.

“मावशी, यावर लिहिलंय ते वाचू का?”

“वाचा की सर. आमच्यात कुणी वाचलंच न्हाई कधी. इंग्रजी हाय ना?”

मी वाचले. ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. कुस्ती. विजेता. १९३८. आणि खाली एका नाइकाचे नाव आणि आडनाव.

“हे तर मामंजी!” ती म्हणाली. मग क्षणभर थांबून तिने विचारले, “कुस्ती म्हंजे? आपली कुस्ती?”

“हो. पलटणीतली कुस्ती त्यांनी जिंकली होती.”

बाई खुर्चीवर टेकली. “मी लगीन होऊन आले तवा त्यांना एक पाय नव्हता. इटलीच्या लढाईत गेला म्हणायचे. दिवसभर सोप्यात बाजल्यावर बसलेले असायचे. आम्हांला ते तेवढेच ठावं. पोरं त्यांच्या कुबडीला भ्यायची.” चषकाच्या मोडक्या कानावरून तिने बोट फिरवले. “कुस्ती मारायचे होय!”

माझ्यातला संग्राहक त्या वेळी जागा होता हे लपवत नाही. मराठा पलटण, साल, खेळ आणि माणसाचे नाव, चारही एका चषकावर! मी तिला किंमत विचारली. सराफांनी सांगितलेल्या शून्याच्या मानाने माझा आकडा बराच होता. तिने मान हलवली. “न्हाई सर. नातू तालमीत जातो माझा. त्याला दावते.” तिने बोटातली अंगठी मोडली, फीची सोय केली आणि चषक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. आता मात्र ती घडी पहिल्यापेक्षा पुष्कळ जपून घातली होती.

सराफ म्हणाले, “सर, तुमचा माल गेला.” मला तसे वाटले नाही. त्या चषकाचे खरे कपाट साताऱ्याकडे होते. माझ्यासारख्याचे काम एवढेच की, ज्या बक्षिसांना घर उरलेले नाही त्यांना कोपरा द्यावा आणि ज्यांना आहे त्यांची ओळ वाचून दाखवावी.

घर नसलेली बक्षिसेच फार. माझ्याजवळ रस्सीखेचीचे एक काशाचे पदक आहे. एका बाजूला दोर ओढणारे गडी, दुसऱ्या बाजूला १९१३ हे साल आणि ‘उपविजेता’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. नाव नाही, पलटण नाही. बाजारात याला मोल नाही. मला मात्र हे सर्वांत जास्त बोलके वाटते. १९१३ साली दोर ओढणाऱ्या त्या गड्याचे पुढच्या वर्षी काय झाले असेल? ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. ड्युरँड स्पर्धेच्या विजेत्यांची यादी पाहा. १९१३ नंतर एकदम १९२०. मध्ये सहा वर्षे एकही नाव नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्या सहा वर्षांवर हजारो पाने आहेत. या यादीत नुसती एक मोकळी जागा आहे. मला ती पानांपेक्षा जास्त सांगते.

हरणाऱ्यांचे आणखी एक उदाहरण देतो. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवले. शिबदास भादुरी कप्तान. अकरांपैकी दहा जण अनवाणी. त्या दिवसाची कथा बंगालात अजून घरोघर सांगतात आणि ती सांगावी अशीच आहे. पण मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातले ते अकरा शिपाई कोण? त्यांची नावे आपण कधी विचारत नाही. बूट घालून अनवाणी माणसांकडून हरलेल्या त्या पोरांनी घरी पत्रात काय लिहिले असेल? विजय इतिहासाकडे जातो, पराजय पदकांकडे राहतो. म्हणून मी उपविजेत्यांच्या पदकाला कधी नाही म्हणत नाही.

आणि एक बक्षीस असेही आहे की ते कोणालाच कधी मिळाले नाही. १ जुलै १९१६. फ्रान्समधली सोमची लढाई. ईस्ट सरे पलटणीच्या आठव्या बटालियनमधल्या कॅप्टन नेव्हिल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने रजेवरून परतताना आपल्या तुकड्यांसाठी फुटबॉल आणले होते. खंदकातून बाहेर पडताना चेंडू पुढे मारायचा आणि त्याच्यामागे धावायचे. जी तुकडी जर्मन खंदकापर्यंत चेंडू प्रथम नेईल तिला इनाम! मॉन्टोबां गावाच्या रोखाने चेंडू सुटले, मागून माणसे धावली. पलटणीने खंदक घेतलेही. पण इनाम द्यायला नेव्हिल उरला नव्हता. नंतर दोन चेंडू सापडले. एक इंग्लंडात डोव्हरच्या किल्ल्यातील संग्रहालयात गेला. दुसरा सरे पलटणींच्या संग्रहात होता. क्लॅन्डन येथील ज्या वाड्यात तो संग्रह होता, तेथे २०१५ साली आग लागली आणि चेंडू त्या आगीत नष्ट झाला. खेळ म्हणजे लुटुपुटीची लढाई असे आपण म्हणतो. त्या सकाळी लढाईलाच खेळ म्हणून पाहण्याची एका माणसाने पराकाष्ठा केली. कदाचित आपल्या पोरांची भीती कमी व्हावी म्हणून. त्या इनामाचे पदक कोणी घडवले असते तर त्याच्या पाठीमागे काय कोरले असते? मला अजून ओळ सुचलेली नाही.

इतके वाचल्यावर काही वाचक माळ्याकडे पाहू लागले असतील, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. पहिली गोष्ट गृहिणींना. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौभाग्यवती चिंच आणि रांगोळी घेऊन बसल्या की मी कपाटाची किल्ली जानव्याला बांधावी की काय या विचारात पडतो. निरांजने अवश्य घासा. जुने पदक मात्र घासू नका. दर घासण्यात अक्षरांची एक कड झिजते आणि मुलामा असेल तर तोही जातो. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपावी, एवढे पुरे. काळे पडले तर पडू द्यावे. ते त्याचे वय आहे. या मुद्द्यावर आमच्या घरी तह झालेला आहे. स्वयंपाकघरातली चांदी लखलखीत, कपाटातली काळी.

दुसरी गोष्ट, पदकाबरोबरची डबी, जुना फोटो, पलटणीचे प्रमाणपत्र, पेन्शनचे पुस्तक हे वेगळे करू नका. पदक एकटे असले की धातू असते. कागदासह असले की माणूस असतो. तिसरी गोष्ट, शंभर वर्षांची झालेली अशी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुराणवस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. चांगली किंमत देणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाच्या नादी लागण्याआधी हे ध्यानात असावे. आणि चौथी, मोडीत काही देण्याआधी ते उलटे करून पाहा. वाचता आले नाही तर वाचता येणाऱ्याला दाखवा. त्याला मोबदला म्हणून एक चकली पुरते. निदान मला तरी पुरते.

आपल्याकडे देशावर आणि कोकणात क्वचितच असे गाव असेल की जेथून कोणी पलटणीत गेले नाही. त्यांतले बरेचसे लढाईत गाजले नाहीत. त्यांनी पहारे दिले, खंदक खणले, पत्रे लिहवून घेतली, पेन्शन घेतली आणि सोप्यात बाजल्यावर बसून म्हातारे झाले. पण एखाद्या रविवारी दुपारी, कोठल्या तरी छावणीच्या मैदानावर, त्यांनी एकदा कोणाला तरी चीत केले होते, लक्ष्यावर नेमकी गोळी मारली होती, दोर आपल्या बाजूला ओढला होता. टाळ्या वाजल्या होत्या. ती दुपार सरकारदरबारी नोंदलेली नाही. ती नोंदलेली आहे ती फक्त एका वाटोळ्या तुकड्याच्या पाठीमागे, एका ओळीत. चांदीचा भाव रोज पेपरात येतो. या ओळीचा येत नाही, आणि वितळवल्यावर ती पुन्हा कोरता येत नाही.